आडवं वारं

आषाढ लागला की आमच्या शेळगावात पाऊस येत नाही, वारं येतं. ढग येतात, पण थांबायला आलेले नसतात. पश्चिमेकडून निघतात, आमच्या डोक्यावरनं पुढं जातात, आणि त्यांच्या मागं ते वारं दिवसभर हुंदडत राहतं. विजेच्या तारा वाजतात, पत्रा वाजतो. चिमणी उडते एकीकडं आणि पोचते दुसरीकडं. अंगणात भाकरी करायला बसावं तर परातीतलं पीठ शेजाऱ्याच्या ओट्यावर. शेवंता म्हणायची, "ह्या वाऱ्याला कामधंदा न्हाय." शेवंता म्हणजे माझी मंडळी. मागल्या आषाढात गेली.

यंदा वारं परत आलं, ती आली नाही. असं लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं. मला वाटत नाही. वारं सुटलं की दार आपटतं. त्याला दोरी लावायची आठवण ती करायची, आता माझी मला करावी लागते, आणि मी विसरतो. दार आपटत राहतं.

ह्या आषाढाची मला धास्ती होती. आमची नात प्रज्ञा येणार होती, थोरल्या मिलिंदची मुलगी. ती विमान चालवते, माणसं भरलेलं मोठं विमान. आजी गेली त्या दिवशी ती वेळेवर पोचली नाही. वर्षभर तिनं त्यावर शब्द काढला नव्हता. आता आजीच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला येणार होती, आणि त्याआधी पुण्याहून मिलिंदचा फोन आला.

"तात्या, प्रज्ञा तुम्हाला विचारणार आहे. आजीनं माझी वाट बघितली का, म्हणून. मला विचारलं, मी टाळलं."

"मग?"

"मग तुम्ही आपलं सांगा, आजी झोपेतच होती, तिला काही कळत नव्हतं. आणि पाण्याचं तर काढूच नका."

"खोटं सांगू व्हय?"

"तुमच्या खऱ्यानं आजवर कुणाचं भलं झालंय, तात्या?"

पोरगं माझंच आहे, तोंडावर बोलतं. आणि त्याचं चुकतही नव्हतं. मी असा माणूस आहे की गावात सोयरीक ठरवायला मला कुणी बरोबर नेत नाही. पोरीकडच्या चहाला चव नसली तर मी तिथंच सांगतो.

पाण्याचं काय ते आधी सांगून टाकतो. त्या दिवशी सकाळी शेवंता शुद्धीत होती. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. प्रज्ञाचा फोन आला की विमान घेऊन पुण्याला येते आणि तशीच गाडीनं घरी येते. शेवंतानं तो ऐकला. मग मी चमच्यानं पाणी द्यायला गेलो तर तिनं ओठ मिटले. "पोरीच्या हातनं घेते," म्हणाली. विमान तिकडं समुद्राकाठच्या गावी वाऱ्यापायी थांबून राहिलं. पोरगी आली तेव्हा दिवस कलला होता आणि शेवंताचे ओठ कोरडेच होते.

आता हे नातीला सांगायचं का झाकायचं, एवढाच प्रश्न. त्याच्यापायी आठ-पंधरा दिवस मला भाकरी गोड लागली नाही. आणि ह्या सगळ्यात मला आठवत काय राहिलं, तर तो दुसराच आषाढ. प्रज्ञा बारामतीला विमान शिकत होती तो.

त्या साली तिला खानावळीचं जेवण सोसंना. पोरगी वाळली. शेवंता म्हणाली, "तुमी रानाचं बघा, मी जाते पोरीपाशी." बारामतीला एमआयडीसीच्या अंगाला एक पत्र्याची खोली घेतली आणि गेली. इथं मी रानाचं बघत बसलो, पण बघायचं होतं काय? पाऊस नव्हता, पेरणी नव्हती. ज्वारीची रिकामी कणगी आणि मी. बाजारच्या दिवशी एस.टी. धरली आणि मीही जाऊन थडकलो.

दारात बघून म्हणाली, "आलासा? मला वाटलं दोन दिस आधी येशीला."

लग्नापासून आम्ही दोघं एका जागी असं रिकामं कधी बसलो नव्हतो. तिच्या हातात खुरपं असायचं नाहीतर पोर असायचं, माझ्या हातात कासरा. त्या खोलीत ना गाय, ना रान, ना कुणी दारात येऊन बसणारं. पोरीला डबा करून दिला की दिवस मोकळा. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांकडं नुसतं बघत होतो, पाहुण्यागत. मग संध्याकाळचं विमानतळाच्या तारेच्या कुंपणापर्यंत चालत जायला लागलो. कुंपणाबाहेर एक बांध होता, त्यावर बसायचं. तिच्या पदराला भाजलेल्या शेंगा बांधलेल्या असायच्या. टरफलं फेकायची गरज पडत नव्हती, हात उघडला की वारं घेऊन जायचं.

विमानं पहिल्यांदा बघितली तेव्हा ती उडत नव्हती. लहान लहान, खेळण्यातली वाटावीत अशी, रांगेनं उभी, आणि दोरीनं जमिनीतल्या कड्यांना बांधलेली. शेवंता कितीतरी वेळ बघत राहिली.

"आवं, दाव्याला बांधल्यात की."

"मोकळी सोडली तर वाऱ्यानं जात्याल," गेटवरचा वॉचमन म्हणाला. तो डाळजचा होता, आमच्याच बाजूचा, म्हणून आम्हाला कुंपणापाशी बसू द्यायचा.

"मग वैरण बी घालता का?"

"घालतो की आजी. पण लय महाग खात्यात."

तिथंच एका खांबाला कापडाची एक लांब पिशवी लावलेली होती, नारिंगी आणि पांढरी, दोन्हीकडनं उघडी. वारं कुठनं आणि किती, ते तिच्यावरनं कळतं. शेवंताला ती सदऱ्याची बाही वाटली. शेवटपर्यंत ती तिला बाहीच म्हणायची. वारं नसलं की बाही लोंबायची. त्या आषाढात ती कधी लोंबली नाही. सकाळी बघा, दुपारी बघा, आडवी ताठ, कुणीतरी आतनं हात घालून बोट दाखवतंय अशी.

आणि बाही ताठ असली की प्रज्ञाचं विमान उठायचं नाही. पोरगी पहाटे उठून अंघोळ करून कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून जायची आणि उन्हं वर आली की तोंड पाडून परत यायची. डबा तसाच. तिच्याबरोबरची पोरंही तशीच, कुणी केरळचं, कुणी दिल्लीकडचं. बसून असायची. शेवंता त्यांना पिठलं-भाकरी घालायची. त्यातल्या एका केरळच्या पोरानं ठेचा भाजी समजून भाकरीवर घेतला आणि मग दुपारभर पाणी पीत बसला. तेवढीच त्या दिवशी करमणूक.

एकदा शेवंतानं विचारलं, "पर बाई, वारं हाय तर उडाया काय झालं? पतंग वाऱ्यावरच उडतंय."

प्रज्ञानं फरशीवर आगपेटी ठेवली. म्हणाली, हे विमान. समोरून पुठ्ठ्यानं वारं घातलं. "समोरचं वारं चांगलं, आजी. ते पंखाखाली घुसून वर उचलतं. मागचं नको, ते लवकर उचलू देत नाही." मग बाजूनं घातलं. आगपेटी फरशीवर तिरकी सरकली. "आणि हे आडवं. चाकं जमिनीवर असताना हे ढकलतं. धावायच्या पट्टीवरनं खाली घालवतं. म्हणून उठायच्या आधी बघायचं, वारं कुठल्या कोनातनं येतंय, त्यातलं आडवं किती. प्रत्येक विमानाचा आकडा ठरलेला असतो. त्याच्या पुढं गेलं की बसायचं."

"आन थोडंच पुढं आसलं तर?"

"तरी बसायचं."

"कुणी बघत नसलं तर?"

"आजी, तरीपण."

"शिकाऊ पोरांना आकडा कमी आसंल," मी म्हणालो.

"कमी असतो. मोठ्या विमानाला जास्त असतो. पट्टी ओली असली की त्यांचाही कमी होतो. पण आकडा सगळ्यांना असतो, तात्या. तीस वर्षं उडवणाऱ्यालापण."

हे शेवंताला पटलं असं मला वाटलं. पण पटलं नव्हतं. आगपेटी तिनं बघितली, मान हलवली, आणि मनात तिचा हिशोब वेगळाच चालू होता. तो मला कळला फार उशिरा.

शेवंताचं माहेर निरवांगीचं. तिथं तिच्या लहानपणी खळ्यावर ज्वारी उपणायची म्हणजे वाऱ्याची वाट बघायची. मळलेल्या ज्वारीची पाटी घेऊन वावडीवर उभं राहायचं. वावडी म्हणजे उंच तिपाई. पाटीतनं धार सोडली की दाणं खाली पडतं आणि भुसकट वारं नेतं. वारं पडलं की काम पडलं. मग बायका मूठभर दाणं खांद्यावरनं मागं टाकायच्या. त्याला वाऱ्याचा वाटा म्हणत. वाटा दिला की वारं येतं. आमची शेवंता विहारात त्रिसरण-पंचशील म्हणणारी बाई, देवाधर्माचं घरात काही ठेवलं नाही. पण वाऱ्याचा वाटा तिच्यात राहिला होता. मी त्यावर एकदा बोललो तर म्हणाली, "वारं काय देव हाय व्हय? वारं हाय. त्याला दिलं तर काय बिघडलं?"

तर झालं असं, की पोरीचं विमान उडत नाही म्हणजे वाऱ्याचंच काहीतरी बिनसलंय, एवढंच तिनं धरलं. आणि रोज संध्याकाळी, मी वॉचमनशी बोलत असताना, ती पदरातनं मूठभर ज्वारी काढून बांधावर खांद्यावरनं मागं टाकत होती. पाखरं तिथं गोळा व्हायला लागली तेव्हा वॉचमनला संशय आला. पाखरं विमानाला वाईट. त्यानं येऊन विचारलं, "आजी, काय टाकता?"

आजीनं सांगितलं.

तो कपाळाला हात लावून खालीच बसला. "आवं आजी, तुमी वारं बलीवताय? समदी पोरं रोज वारं पडावं म्हणून बसल्यात, आन तुमी त्याला जेवाया घालताय."

प्रज्ञाला कळलं तेव्हा ती हसून हसून खोलीत लोळली. ती बातमी त्या पोरांत गेली. दिल्लीचा पोरगा येऊन हात जोडून म्हणाला, दादीजी, आता बास करा. शेवंता त्या दिवशी रागानं जेवली नाही. मग झोपायच्या आधी मला म्हणाली, "मग घालवायचं कसं आसतं?"

मी पुष्कळ आठवलं. आमच्याकडं पाऊस बोलवायची रीत आहे, वारं बोलवायची आहे, पाहुणा यावा म्हणून कावळ्याला विचारायची आहे. हा सगळा कमी पावसाचा मुलूख, इथं जे काही पाहिजे ते बोलवूनच आणावं लागलं. घालवायची रीत एकही नाही. आलेलं आपणहून जाईपर्यंत बसायचं.

तर आम्ही बसलो. त्या बसण्याचंच मला आता राहून राहून सुख वाटतं. बांधावर ती डोईवरचा पदर दातात धरून बसायची, नाहीतर तो उडायचा. पदर दातात, त्यात वारं, म्हणून तिचं निम्मं बोलणं मला ऐकूच यायचं नाही. मी म्हणायचो, "काय?" ती मान हलवायची, काय न्हाय. मला वाटायचं, असंल काहीतरी मिठामिरचीचं. आता वाटतं, ते निम्मं कुठं गेलं असंल. वारं पूर्वेला जातं. म्हणजे डाळिंबाच्या बागांवरनं, उसावरनं, इंदापूरच्या पुढं, उजनीच्या पाण्यावर.

श्रावणात वारं पडलं. एका सकाळी बाही लोंबली, आणि प्रज्ञा पहिल्यांदा एकटी उडाली, बरोबर शिकवणारा नसताना. आम्ही कुंपणाशी होतो. विमान पट्टीवरनं धावलं, उठलं, वळलं, ढगाखालनं एक फेरी मारून परत उतरलं. मी बघत होतो. शेवंतानं विमान बघितलंच नाही. तिची नजर त्या बाहीवर. विमान उतरून थांबलं तेव्हा मला म्हणाली, "हालली न्हाय." मी म्हणालो, "कोण?" तर म्हणाली, "ती बाही. एकदा बी हालली न्हाय." आणि मग तिथंच बांधावर बसली, गुडघ्यात मान घालून, बराच वेळ.

पुढं पोरगी मोठ्या विमानावर गेली. आम्हाला एकदा नेते म्हणाली होती. राहिलं ते.

शेवंताच्या मातीला माणसं जमली तेव्हा भावकीतला एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "तात्या, नात एवढी आभाळातनं फिरती, आन वेळंला जमिनीवर आली न्हाय."

मी म्हणालो, "तू तर जमिनीवरच हुतास. तू कवा आलास दवाखान्यात?"

पण प्रज्ञा मागंच उभी होती, तिनं ऐकलं. माझं नाही, त्याचं. माणसाला नेमकं तेच ऐकू जातं.

रविवारी पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, लोक आले, जेवणं झाली, मिलिंद आणि सून भांडी पोचवायला गेले. अंगणात मी आणि प्रज्ञा सतरंजी गुंडाळत होतो. दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं, आणि मधी वारं शिरून सतरंजीचं शीड झालेलं. ती काहीतरी बोलली. ओठ हलले तेवढे दिसले. मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. चांगली सबब होती. पण मी म्हणालो, "काय?"

ती जवळ आली. "तात्या, आजीनं वाट बघितली का माझी?"

मिलिंदनं सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. झोपेत होती. कळत नव्हतं. चार शब्द होते आणि पोरगी सुटली असती. पण मला वाटलं, हे सांगायचं म्हणजे शेवंतानं तो अख्खा दिवस जे केलं ते पुसायचं. त्या दिवशी तिला हात उचलता येत नव्हता, कूस बदलता येत नव्हती. एक वाट बघणं तेवढं तिच्यानं होत होतं, आणि ते तिनं केलं. ते जिच्यासाठी केलं तिलाच द्यायचं नाही, तर कुणाला?

"बघितली," मी म्हणालो. "सकाळपास्नं. दाराकडंच तोंड करून निजली हुती. पाणी बी घेतलं न्हाय. म्हणाली, पोरीच्या हातनं घेते."

प्रज्ञाच्या हातातनं टोकं सुटली. सतरंजी माझ्या तोंडावर येऊन आदळली. ती बाजूला करेपर्यंत पोरगी खाली बसलेली.

"कॅप्टननं मला विचारलं होतं, तात्या," ती म्हणाली. "त्यांना आजीचं माहीत होतं. पाऊस होता, पट्टी ओली होती. वारं आकड्याच्या आत होतं, पण मधनंच झोत येत होता तो बाहेर जात होता. ते म्हणाले, तू काय म्हणतेस. मी म्हटलं, थांबू. मीच म्हटलं. मागं सगळी माणसं बसलेली, आणि मला घरी यायचं होतं, आणि मीच म्हटलं."

"मग बरोबर म्हणलीस."

"आजी चिडली असंल माझ्यावर."

"चिडली हुती. पर तुझ्यावर न्हाय, वाऱ्यावर. तुझा फोन आला तवा मी तिला सांगितलं, वारं लय हाय, पोरगी थांबलीय. तर मला म्हणाली, किती हाय? मी म्हणलं, मला काय कळतंय. तर म्हणाली, मग इचारा की. मी तुला फोन लावला, आठवतंय का? तुला वाटलं आसंल म्हाताऱ्याला मधीच हे काय सुचलं."

"तुम्ही वारं किती विचारलं होतं. मी आकडा सांगितला."

"तो तिला सांगितला. तिला त्यातलं काय कळलं, तिलाच ठावं. पर म्हणाली, मग बसू दे तिला. दोनदा म्हणाली. त्याच्यामागनं काय बोलली न्हाय."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मिलिंदलाही नाही. त्याला पाण्याचं तेवढं दिसलं होतं, कारण तो तेव्हा खोलीत होता. आकड्याच्या वेळी तो डॉक्टरला आणायला गेला होता.

प्रज्ञा रडली. मी थांबवलं नाही. वर्षभराचं होतं. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तात्या तुला काही सांगायचे नाहीत."

"तुझ्या बापाला मी आजून कळलो न्हाय."

त्यावर ती हसली, आणि आम्ही ती सतरंजी एकदाची गुंडाळली. वाकडी झाली. शेवंता असती तर उलगडून परत गुंडाळायला लावली असती.

आज सकाळी ती गेली. दुपारी पुण्यावरनं तिचं विमान होतं, दिल्लीला. गाडीत बसायच्या आधी फोनवर काहीतरी बघत होती, वाऱ्याचंच. तिच्या कपाळाला आठी पडली. मी काचेपाशी गेलो. निघणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, लवकर पोच. ते तोंडात आलं होतं, गिळलं.

म्हणालो, "उशीर झाला तर होऊ दे. मी हाय वाट बघायला."

काच खाली होती तशीच ठेवून ती गेली, फाट्यापर्यंत तिचे केस उडताना दिसत होते.

आता उन्हं कलली. पोचल्याचा फोन अजून नाही. अंगणात वारं आहे, लिंबाच्या फांद्या एका अंगाला वाकून राहिल्यात. पुतण्याची बायको जेवायला बोलवायला दोनदा येऊन गेली. मी तिला म्हणालो, थांब जरा. पोरगी बसली असंल. बसू दे.